मॅडमच्या अंगातलं बनियन

भिवपुरी, ता. कर्जत
११ जानेवारी २०२५

चि. सुरभीस,
अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहायच्या सवयीने पेन पुढे गेलं आणि थांबलं. स्वप्नीलला जाऊन वर्ष होत आलं, तरी हाताला अजून कळत नाही.

आम्ही दोघं बरे आहोत. वालाला शेंगा धरल्यात. अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या हाताला पट्टी आहे. मॅडम चावली. घाबरू नकोस, कर्जतला जाऊन इंजेक्शन घेतलं. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी वालावर बोलते, तू तुझ्या आईच्या गुडघ्यांवर बोलतेस आणि दोघी ठेवून देतो. म्हणून पत्र. नामाचा टेंपो उद्या चौकला जातोय, तो लोधिवलीत तुझ्या हातात देईल.

तर मॅडमचं ऑपरेशन झालं. दिवाळीत माहेरी जाताना तू डॉक्टरीणबाईंकडे तिचं नाव घालून गेली होतीस, त्यांचा निरोप आला. स्वप्नील म्हणायचाच, दर खेपेला पिल्लं होतात आणि बोका खातो, त्यापेक्षा एकदाचं ऑपरेशन करू. मला तेव्हा पटायचं नाही. पण या खेपेला मीच पिंजरा लावला. स्वप्नीलशिवाय कुणाच्या हाताला न लागलेली ही बया एका सुक्या बोंबलासाठी आपल्या पायांनी आत शिरली! मी म्हटलं, मॅडम, एवढ्यात विकल्या गेलात?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टाके चाटता कामा नयेत, पण गळ्यात नरसाळ्यासारखा प्लास्टिकचा पट्टा घातला तर असलं अर्धं रानटी मांजर वेडं होईल. जुनं सुती कापड आणा, शुद्धीवर यायच्या आत अंगात घालू. घरात जुन्या कापडांना काय तोटा? पण मी स्वप्नीलचं बनियन नेलं. त्याच्या कपाटाला मी तुलासुद्धा हात लावू दिला नव्हता, ठाऊक आहे ना? कात्री मीच चालवली. पायांना चार भोकं पाडली, पाठीवर गाठी मारल्या. ती बेशुद्ध होती तेव्हा पहिल्यांदा तिच्या पाठीवरून हात फिरवला. नंतर दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

मग तिला न्हाणीघरात ठेवली. तुझे सासरे अंगणात आंघोळ करायचे, मी शेजारच्या मोतीबाईकडे. सुरुवातीला अन्नाला तोंड लावीना. दार उघडलं की फिसकारायची. दिवेलागणीला स्वप्नीलची गाडी यायची ती वेळ झाली की खिडकीकडे बघून ओरडायची, ते ऐकवत नसे. मी दाराबाहेर पाट टाकून बसायची आणि तिला शिव्या घालायची. मी तोंड फिरवून बसले तर ती खाते, हे हळूहळू कळलं. पुढे पुढे माझ्या पायाशी ठेवलेला बोंबील उचलायला लागली. खरं सांगू, घरात कुणीतरी माझी वाट बघतंय, हे मला बरं वाटायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, छान भरलंय, बनियन काढा आणि सोडा. मी हो हो म्हटलं आणि सोडली नाही. तुझे सासरे म्हणाले, “जखम कवाच सुकली गं. सोड आता तिला.” मी म्हटलं, थंडी आहे.

आता लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुझा भाऊ येऊन गेला. काय झालं ते त्याने तुला सांगितलं नसेल, पोरगा गुणी आहे.

ओटीवर बसून जितेश म्हणाला, “मावशी, खोपोलीचं स्थळ आलंय. माणूस चांगला हाय. बायको वारली त्याची, एक लहान मुलगी हाय. पण सुरभी नाय म्हणते. म्हणते, आईंनी कावळ्यापुढं शब्द दिलाय, त्यो मोडला तर स्वप्नीलला शांती नाय मिळायची.”

मी उठून आत गेले. चहा टाकला. तो हात धुवायला उठला आणि त्याने न्हाणीचं दार उघडलं. मॅडम त्याच्या पायांतून सुसाट बाहेर गेली. मी केवढ्याने ओरडले सुरभी! “माझ्या घरातलं एकेक न्यायला आलायस काय रं?” म्हणाले. पोराचं तोंड एवढंसं झालं.

शोधत बांधावर गेलो तर ती करवंदीच्या जाळीत लटकलेली. पाठीवरची गाठ काट्यात अडकली होती, ओढून ओढून बनियन गळ्याशी आलं होतं, जीभ बाहेर. जितेशने फांदी धरली, मी कोयत्याने कापड कापलं. तेव्हाच ती हाताला कडकडून चावली आणि पळाली. आता संध्याकाळी कुंपणावर येते, मी मागे सरले की खाते आणि जाते.

पोरी, माझ्याच लेकाचं बनियन. मीच मायेने घातलेलं, आणि वेळेवर काढलं नाही म्हणून तिचा जीव जात होता.

दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा ज्याने त्याने आपापला शब्द दिला. चुलत्याने दिला, सासऱ्यांनी दिला. शेवटी मी म्हणाले, “सुरभी या घरातून कुटं जाणार नाय रं,” आणि कावळा शिवला. सगळ्यांनी हात जोडले. तू मागे उभी होतीस. तुला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून काल परत नदीवर गेले. दहीभाताचा गोळा ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, “स्वप्नील, त्यो शब्द मी परत घेतलाय. तिला जाऊ दे.” उंबरावर कावळा बसला होता. माझ्याकडे बघत होता. मी पुष्कळ वेळ थांबले, हात जोडले, पदर पसरला. तो काही खाली आला नाही.

नाही तर नाही. मी उठून घरी आले. शब्द माझा होता, मी तो परत घेतला. रुसला असेल तर माझ्यावर रुसेल. मी त्याची आई आहे, कधीतरी जाईनच त्याच्यापाशी, तेव्हा काढीन समजूत. तू त्याचं ओझं वाहू नकोस.

खोपोलीच्या स्थळाला होकार आहे म्हणून जितेशला सांग. त्या लहान मुलीला गेल्या गेल्या जवळ ओढू नकोस. नुसती बसत जा तिच्या आसपास.

लग्नाला बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तरी राग नाही.

सासू म्हणून सही करवत नाही, आणि आई तुला आहे. म्हणून नुसतं नाव लिहिते.

सुंदरा