लाल पट्ट्याचे पाइप

२ जून
पाइप वर आलेत! रोवले तेव्हा लाल पट्टा जमिनीला टेकलेला होता, आज चार बोटं वर. कोण उपटतंय? माकडं? इथली जमीनच कळत नाही — माती नाहीच, कुजलेल्या पाल्यालाकडांचा काळा थर, पुरुषभर खोल. मला कामावर ठेवताना सुकर्दीसाहेब म्हणाले होते, "पाइप खालच्या चिकणमातीत रोवलेत. पट्टा जमिनीला आहे का, बघून कळवत जा." आमच्या लोम्बोक बेटावर शेतातून दगड वर येतात, तसंच असणार. घण घेतला, ठोकून पट्टा जमिनीला लावला. मग कळवलं — आहे.

३ जुलै
परत तेच! परत ठोकले. हाताला फोड. साहेब फोनवर "शाब्बास" म्हणाले.

९ जुलै
मिना रुसेकडे जेवलो. इथं मावशीला मिना म्हणतात. वेताच्या कोंबांचं कालवण. तिचं घर खांबांवर; जिन्याला खाली आणखी एक नवी पायरी ठोकत होती, आधीच्या दोन-तीनही तिनंच जोडलेल्या. म्हटलं, "मिना, घर वाढतंय की काय?"
"वाढतंय तर! तुझ्यासारखं, फुकटचं खाऊन!"
सगळे हसले. मीही. कशाला, ते कळलं नाही.

१६ जुलै
साहेब आले. कालव्यावर घालायच्या बांधाची लाकडं बोटीतच ठेवली. म्हणाले, "इथं जमीन खचत नाही, पट्टे जागेवर आहेत. लाकडं पलीकडच्या गावाला जाऊ देत."
मिना भडकली. "कालव्यानं पाणी वाहून जातं, साहेब! जमीन सुकते, बसते, मग पेटते. बांध नाही तर आम्ही कुठं राहायचं?"
"मोजमाप तसं म्हणत नाही, मिना."
मोजमाप म्हणजे मी! मिना खोटं बोलत नाही. पाइप तरी कशाला खोटं बोलतील? डोकं फिरलंय.

१७ जुलै
मिनाच्या जिन्यासमोर बसून राहिलो. घराचे खांबही चिकणमातीत रोवलेले. घर वर जात नाही. तरी पायरी कमी पडते, जमीनच खाली जातेय. म्हणजे पाइप — या अल्ला! मी काय ठोकत बसलो होतो?

१८ जुलै
साहेबांना सांगितलं. कामावर ठेवलंय की काढलंय, कळत नाही. टेपचं एक टोक माझ्या हातात कोंबलं, दुसरं घेऊन जिन्याखाली वाकले. "मिना, ही पायरी कुठल्या साली ठोकलीस?"