पदवी काढून घेण्याबाबत

दिनांक : ९ ऑक्टोबर २०२३

प्रति,
मा. विभागीय रोजगार अधिकारी,
दक्षिण सालार विभाग कार्यालय,
सान मेलितोन, पोतोसी प्रांत, बोलिव्हिया.

विषय : माझी रासायनिक अभियांत्रिकीची पदवी रद्द समजून माझे नाव 'स्थानिक कामगार' यादीत पुन्हा घेण्याबाबत.

संदर्भ : १) नाव वगळण्याचा आपला एप्रिल महिन्याचा आदेश. २) माझे मे व जुलै महिन्यांतील अर्ज (उत्तर मिळालेले नाही).

महोदय,

१. मी काचीपाम्पा गावची रहिवासी आहे. आमचे गाव मिठाच्या मैदानाच्या दक्षिण कडेला आहे. आईवडिलांचे लोकरीसाठी पाळलेल्या लामांचे खिल्लार आणि किन्वा या धान्याचे शेत आहे. विद्यापीठात मी रासायनिक अभियांत्रिकी शिकले. आमच्या मैदानाखालच्या खाऱ्या पाण्यातील मॅग्नेशियममुळे लिथियम वेगळे करणे किती अवघड होते, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. तेच पाणी तळ्यांत आटवून लिथियम काढणारा प्रकल्प माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मला तिथे काम हवे आहे. या अर्जात दुसरे काही मागितलेले नाही.

२. प्रकल्पातील कामगारांच्या जागा स्थानिकांसाठी राखीव आहेत, परंतु फक्त 'उच्च शिक्षण न घेतलेल्या' स्थानिकांसाठी. बाहेरच्या शिकलेल्या लोकांनी गरिबांच्या जागा बळकावू नयेत, हा त्यामागचा हेतू मला योग्य वाटतो. अभियंत्यांच्या जागा देशाच्या सामायिक यादीतून भरल्या जातात आणि त्या यादीसाठी दोन वर्षांचा अनुभव लागतो. खाऱ्या पाण्याच्या कामाचा अनुभव देणारी दुसरी जागा या प्रांतात नाही. मी दोन्ही नियमांची वर्तुळे कागदावर काढून पाहिली. ती एकमेकांना कुठेही छेदत नाहीत. मी दोन्हींच्या बाहेर आहे. आपल्या कार्यालयातील खिडकीवरचे कारकून विसेन्ते यांना तो कागद दाखवला, तेव्हा त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि आकृती सुबक असल्याचे सांगितले. अनुभव कुठे मिळवू, असे विचारल्यावर ते म्हणाले, "तो प्रश्न आमच्या विभागाचा नाही, पोरी."

३. या नियमांचा परिणाम माझ्यापुरता असता तर मी एवढे लिहिले नसते. आमच्या भागातला, भूगर्भशास्त्र शिकलेला रोलांदो सीमेपलीकडे चिलीत मिनीबस चालवतो. माझी वर्गमैत्रीण मारिबेल बाजारात मोबाइलची कव्हरे विकते. शाळेनंतर थांबलेली मुले मात्र प्रकल्पात आहेत, आणि नवे पत्रे त्यांच्याच घरांवर आहेत. म्हणजे आमच्याकडे शिक्षण वाढले की उत्पन्न घटते. नमुना लहान आहे, हे मला मान्य आहे. तरी माझी मावसबहीण योसेलिन हिने निष्कर्ष काढला आहे. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार आहे. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला ती बसणार नाही. मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, "ताई, मला तुझ्यासारखं नाही व्हायचं. मला नोकरी करायची आहे."

४. आता एप्रिलच्या आदेशाविषयी. मार्चमध्ये मी स्थानिक कामगार म्हणून अर्ज केला. शालेय शिक्षणाचा रकाना मी खरा भरला, त्यापुढचा रिकामा सोडला. माझा दोष एवढाच आहे. तळ्यांतून पाण्याचे नमुने बाटल्यांत भरण्याचे काम मिळाले.

अडचण आमच्या रीतीची होती. आपल्याकडे पदवी मिळाली की माणसाचे नाव मागे पडते, हे आपणास ठाऊकच आहे. वाजंत्री लावून माझ्या डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले, त्या दिवसापासून दुकानदारापासून जन्मदात्या आईपर्यंत सगळे मला 'इंजिनिअरबाई' म्हणतात. म्हणून गावसभेत ठरले की प्रकल्पाच्या फाटकाच्या आत मला नुसते नावाने, 'नेली' म्हणायचे. शेजारच्या आजींनी दोन दिवस 'नेली, नेली' असे घोकले. कोणी चुकले नाही.

एका दुपारी आई माझे जेवण घेऊन तळ्यावर आली. त्याच वेळी मी मुकादम सेवेरो मामानी यांना सांगत होते, की पाण्याचे तापमान न पाहता घनता मोजली जात आहे, त्यामुळे सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळणार नाहीत. ते सर्वांसमोर ओरडले, "तुला काय कळतं त्यातलं? बाटल्या भर गुमान." मी बाटल्या भरू लागले. आईने मात्र डबा खाली ठेवला आणि ती म्हणाली, "इंजिनिअरबाईंशी नीट बोला."

मुकादमांनी हेल्मेट काढून हातात घेतले. ते वाईट माणूस नाहीत. मला म्हणाले, "बाई, आधी सांगायचंत. मी ओरडलो नसतो. कामावर घेतलंही नसतं."

दुसऱ्या दिवशी मला काढले. माहिती लपवल्याबद्दल तीन वर्षे यादीबाहेर ठेवण्याचा आदेश आपण दिला. तेव्हापासून आई मला कोणत्याच नावाने हाक मारत नाही. स्वयंपाक झाला की ताट माझ्यासमोर ठेवते आणि बाहेर जाते.

५. पदवी परत घ्यावी अशी विनंती मी विद्यापीठाला केली. पदवी लबाडीने मिळवल्याचे सिद्ध झाले तरच ती काढून घेता येते, असे कळवण्यात आले. म्हणून मी माझा प्रबंध पुन्हा तपासला. एखादी अक्षम्य चूक सापडेल, अशी आशा होती. मोजमापे पुन्हा घेतली. मॅग्नेशियमचे आकडे बरोबर आहेत. खोटी कबुली देण्याचाही विचार केला. पण मग ते आकडे खोटे ठरतील, आणि ते कोणीतरी पुढेमागे वापरावेत अशी माझी इच्छा आहे.

६. तरी विनंती की, विद्यापीठ पदवी काढत नसले तरी आपल्या कार्यालयाच्या नोंदीपुरती ती नाही असे धरावे. मी अभियंत्याचे काम मागणार नाही. घनतेविषयी बोलणार नाही. तसे हमीपत्र सोबत जोडले आहे.

७. येत्या सोमवारी मी सीमेपलीकडे चिलीतील कालामा शहरात जात आहे. तिथे एका हॉटेलात खोल्या झाडण्याचे काम आहे आणि शिक्षण विचारत नाहीत. आपले उत्तर गावच्या पत्त्यावर पाठवावे. मालमोटारीतून टपाल येते त्या दिवशी आई रस्त्यावर जाऊन उभी राहते. मी सांगितलेले नाही, तिची तीच जाते. तिला वाचता येत नाही, पण शिक्का ओळखते. निर्णय होकारार्थी असल्यास मी एका दिवसात परत येऊ शकते. नकार असल्यास कृपया पत्र पाठवू नये. उत्तर आले नाही तर तिला वाट पाहता येईल.

आपल्या निर्णयाधीन,
नेलिदा कायो तिकोना
काचीपाम्पा

सोबत : १) रहिवासी दाखला. २) विद्यापीठाचे पत्र. ३) कामावर मत न देण्याचे हमीपत्र.