उसाच्या गाड्याखालची चाकं

आबा,

तुमची पिकअप चालू आहे. इंजिन, बॉडी, हॉर्न आणि चारही चाकं जागच्या जागी. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट लांबवली की तुम्ही “शेवट काय ते बोल” म्हणून मधेच तोडायचात. आता शेवट कळला, तेव्हा निवांत ऐका.

तुमच्यामागं ती शेडातच उभी होती. एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी आत शिरलं, चाकं गाळात रुतली आणि लोखंडी डिस्कचे पापुद्रे निघाले. तात्यांनी, म्हणजे तुमच्या धाकट्या भावानं, तिला विटांवर चढवून ठेवलं. मी शाळेत शिकवायला लागल्यावर उद्यमनगरातल्या मिस्त्रीला घरी आणून आणून इंजिन बोलतं केलं. राहिली होती फक्त चाकं, आणि तेवढ्यात तात्यांनी अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर शेडाच्या जागेवर घर बांधायचं काढलं. “आकितीला पाया खणायचा. त्याच्या आदी ही आपल्या चाकांवर भाईर आली तर तुजी. न्हायतर भंगारवाला तोडून न्हील,” म्हणाले. मी म्हटलं, “आबांची आठवण हाय तात्या.” तर म्हणतात, “आठवणीला भितीवर फोटू हाय की.” तुमचेच भाऊ, वेगळं काय बोलणार!

झालं, लागले मागे. टायर कुठंही मिळत होते, पण ज्यावर टायर चढायचा ती डिस्क मिळेना. जीपची पाच बोल्टांची, आपल्या गाडीची सहा. भंगाराची सगळी दुकानं पालथी घातली. एकानं सल्ला दिला, जीपचीच घ्या आणि नवी भोकं पाडा. मिस्त्री उखडलाच. “घाटात चाक म्होरं जाईल आनि तुमी मागनं, चालंल?” त्यानंतर मी हरले होते, हे कबूल करते. शाळेतून येताना भंगारवाल्याचा हातगाडा दिसला की मी रस्ता बदलायची.

मग एका शनिवारी आमची एसटी कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांमागं अडकली. खिडकीतून बघत होते आणि एकदम मी तुमच्या शेजारी बसलेली आहे. मागं गुळाच्या ढेपा आहेत, काचेवर माश्या घोंगावताहेत, आपण मार्केट यार्डाला निघालोय आणि पुढचा गाडा वाट देत नाही. तुम्ही हॉर्न न वाजवता त्याच्या चाकांकडं बोट करता. “त्ये बग. मागल्या जल्मी जीप हुती ती.” पुढच्या गाड्याला म्हणता, “आनि ह्यो टेंपू.” आपल्याकडं मोटार मेली की तिची चाकं उसाच्या गाड्याखाली जातात, हे मला तुम्ही तेव्हा शिकवलंत. मी हसत हसत स्टिअरिंगला हात लावते आणि तुम्ही तो फटकन उडवता. “हात काढ. पोरीच्या जातीनं शेजारी बसायचं.”

मी एसटीतून उतरले. साडी सावरत प्रत्येक गाड्यापाशी वाकायला लागले. एक गाडीवान म्हणाला, “काय हरवलंय वो ताई?” मी म्हटलं, “बोल्ट मोजतोय.” सगळी रांग हसली. हसू दे. त्या दिवशी काही मिळालं नाही, पण पुढं शाळा सुटली की मी कारखान्याच्या अड्ड्यावर. शेवटी एक गाडा सापडला. दर बेंदराला, बैलांच्या सणाला, रंग चढवून चढवून डिस्क जाडजूड झालेली, पण बोल्ट सहा! मी तिथंच चाकावर हात ठेवून उभी राहिले, कुणी पळवून नेईल अशी.

बदल्यात अॅक्सलसकट दुसरी चाकं देते म्हटल्यावर गाडीवान तयार झाला, पण कारखान्याचा पट्टा पडल्यावर. हंगाम बंद झाल्याशिवाय चाक हलणार नाही. “तवर ऊस काय डोस्क्यावर न्हिऊ?” पट्टा कधी पडेल ते कुणालाच माहीत नव्हतं आणि अक्षय तृतीया तोंडावर आली होती. शिवाय ही दोनच चाकं. उरलेली? “माज्या साडूकडं. एकाच पिकपचं दोन गाडं केल्यालं आमी. पर आमचं बोलणं न्हाय. शर्यतीवरनं फाटलंय.”

साडू आजऱ्याकडचा. चहा दिला आणि नाही म्हणाला. मी हातापाया पडले, तुमची आठवण सांगितली, ढिम्म हलला नाही. उठताना सहज म्हटलं, “तुमच्या साडूंनी कबूल केलंय वो.” त्याची बशी ओठापाशीच थांबली.

“त्यानं? दोन्ही? कवा देणार?”

“पट्टा पडला की.”

“मग माजी आजच न्ह्या. आनि जाऊन सांगा त्याला, मी आदी दिली म्हून.”

मी गेले आणि सांगितलं. पहिल्या गाडीवानानं मुंडासं काढून बाजूला फेकलं. “त्यानं आदी दिली? थांबा तुमी.” ऐन हंगामात, उसाची मोळी खाली उतरवून त्यानं गाड्याला जॅक लावला! आबा, कोल्हापूरच्या ईर्षेनं किती घरं फोडली ते तुम्ही मोजायचात. तिनं एक गाडी जोडली, हेही मोजा.

मिस्त्रीनं रंग खरवडला. निळ्याखाली हिरवा, त्याखाली गुलाबी, असे किती बेंदूर निघाले आणि तळाला चांगलं जाड लोखंड. चाकं बसली, विटा काढल्या, सेल मारला. तात्या हाताची घडी घालून उभे होते. गाडी शेडाबाहेर उन्हात आली तेव्हा घडी आपोआप सुटली. “आयला, निगाली की वो!” नारळ त्यांनीच फोडला. मग म्हणाले, “आदी जोतिबाला न्ह्यायची. चालवणार कोन?”

“मी की. लायसन हाय माज्याकडं.”

तात्या गुमान शेजारी जाऊन बसले.

डोंगराचा चढ लागला, दुसऱ्या गिअरवर गाडी घुमत वर निघाली. वळणावर चारही चाकं अशी धरून होती की मी मोठमोठ्यानं हसत होते. वर गुलालानं बॉनेट माखलं, मी माखले, तात्या माखले. इतका आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता.

आता एवढंच. हे पत्र घालायला पेटी नाही, म्हणून खरं लिहिते. तात्यांना, साडूंना, मिस्त्रीला, सगळ्यांना मी आबांची आठवण म्हणून सांगत फिरले. घाट चढताना तुमची मला एकदाही आठवण झाली नाही. मला ती गाडी चालवायची होती.