वळण दिसलं नाही

ती. ताईला वाकून नमस्कार,

आम्ही तिघंही सुखरूप आहोत, हे आधी सांगतो. लंबूची जुनी गाडी, झोपायला तंबू, खायला पाव आणि उकडलेली अंडी. सहल स्वस्तात चालली आहे. मास्तरांच्या घोरण्याने तंबू हलतो. इकडे उत्तरेला झाड म्हणून नाही, नुसते काळे खडक आणि वारा. आईचा गुडघा कसा आहे?

काल संध्याकाळी गाडी मी चालवत होतो. पुढे वळण होतं, ते मला दिसलंच नाही. लंबूने स्टिअरिंग ओढलं, म्हणून दरीच्या काठावर थांबलो. गाडीची किल्ली काढून घेत तो हळूच म्हणाला, "कधीपासून दिसत नाही तुला?"

सुट्टी लागल्यापासून, ताई. गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही जाणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणूनच निघालो होतो, डोळे भरून डोंगर बघायला. आता मागच्या सीटवर बसतो, आणि हे दोघं मला डोंगर कसे आहेत ते सांगतात.

शाळा उघडली की माझी बस दुसऱ्याला चालवायला देतील. बस सोडून मला येतं तरी काय?

आईला एवढ्यात काही बोलू नकोस. आल्यावर आधी तिचा चेहरा नीट बघून घेतो, मग मीच सांगेन.

तुझा,
धाकटा