काठी जागवणाऱ्या गोदावरीबाईंची निरवानिरव

मी, गोदावरी रावजी मांदाडकर, वय एकोणसत्तर, धंदा घरगुती खानावळ (आता बंद), राहणार काशीद, तालुका मुरुड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय, पोटभर जेवून आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवते. माझ्या शुद्धीबद्दल गावात बरीच चर्चा झाली आहे, म्हणून डॉक्टर दिपेश यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी वार विचारला, तालुका विचारला, मी बरोबर सांगितले. मग जादूवर विश्वास आहे का, असे विचारले. मी म्हटले, "डॉक्टर, जन्मभर पर्यटकांना जेवायला घातलंय. माझा कशावरच पटकन विश्वास बसत नाही."

१. माझे पती कै. रावजी यांच्यामागे राहते घर व मागची नारळ-सुपारीची वाडी माझ्या नावावर आहे. मला मूलबाळ नाही. हे मृत्युपत्र टिकले नाही, तर सगळे माझे दीर अंबाजी यांच्याकडे जाईल, असे वकीलबाई म्हणाल्या. तसे होऊ नये. घर व वाडी मी माझ्या बहिणीच्या नातीला, प्राप्तीला देते. मला अर्धांगाचा झटका आला तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून ती आली आणि राहिलीच. माझी वेणीसुद्धा तीच घालते.

२. खानावळीची पातेली आणि पाटा-वरवंटा शेजारच्या साक्षीला. आळीतल्या मोरूने घरच्या लग्नाला नेलेली मोठी कढईही तिचीच. ती तिने स्वतः जाऊन आणावी. मोरू म्हणेल, विसरलो. तो विसरलेला नाही.

३. आता ज्यावरून गावाने मला वेडी ठरवले ते. पावसाळ्यात पर्यटक नसतात, तेव्हा दर रविवारी आमच्या पडवीत प्राप्ती, साक्षी आणि तिचा भाऊ निकेत एक खेळ खेळतात. प्राप्ती गोष्ट सांगते, बाकीचे गोष्टीतली माणसे होतात, आणि कोण जिंकले ते फासे ठरवतात. मला त्यांनी रानजोगीण केले. माझ्याकडे एकच खरी विद्या आहे, काठी जागवण्याची. साधी लाकडी काठी हातात धरून मंत्र म्हटला की तिला रानाचे बळ येते. मग वार करताना दंडातला जोर मोजत नाहीत, शहाणपण मोजतात. मात्र काठी हातातून सुटली की जादू संपली, आणि दुसऱ्याच्या हातात ती नुसते लाकूड.

हा नियम ऐकून मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. झटक्यानंतर अंबाजी भावजींनी आमच्या मूळ गावाहून खैराची काठी आणून दारात ठेवली होती. "ही घे, वयनी," म्हणाले आणि पाणीही न पिता गेले. मला तो टोमणा वाटला. काठी कोपऱ्यात फेकली, उंबरा ओलांडणे सोडले. खेळासाठी म्हणून ती पहिल्यांदा हातात घेतली, आणि पुढच्या आठवड्यात समुद्रापर्यंत चालत गेले.

४. भावजी गावभर सांगत होते, "वयनीचा डोका फिरलाय. मंतर मारते. असल्या बाईचा कागद कोर्टात टिकायचा न्हाय." एका रविवारी पुरावा म्हणून मोबाईलवर चित्रण करायला आले. त्या दिवशी गोष्टीत राक्षसाने निकेतला पुलावर धरले होते आणि तो मला सांगत होता, काठी खाली ठेव, मग सोडतो. मी विचारात पडले. तेवढ्यात मागून भावजींची आरोळी आली, "वयनी, काठी सोडू नको! त्यो फसवतोय!"

मी सोडली नाही. फासे चांगले पडले, राक्षस खाडीत गेला. भावजींचा मोबाईल केव्हाच बाकावर पालथा पडला होता. तेव्हापासून ते दर रविवारी येतात, भजी खातात आणि फासे टाकताना लबाडी करतात.

५. खैराची काठी, ज्याची त्याला परत म्हणून, अंबाजी भावजींना द्यावी.

६. माझ्या तेराव्याला भाषणे नकोत. वडे मात्र गरम असावेत.

आज सहीच्या वेळी भावजी स्वतःहून म्हणाले, "साक्षीदार मी व्हतो. मीच येडी म्हनलो, आता मीच शानी म्हनून सही करतो. मंग कोन बोलतो बगू." वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्ष न केलेली बरी. भावजींनी कलम पाच दोनदा वाचले आणि पेन उचलले. "मंग ह्ये खोडा. मला काय नको. आनि वयनी, काठी तू सोडायची न्हाय."

कलम पाच खोडले आहे. खाडाखोड मला मान्य आहे. किती महिन्यांनी छाती मोकळी झाली आहे.

लिहून ठेवणार: गोदावरी रावजी मांदाडकर (सही डाव्या हाताने, उजव्या हातात काठी आहे)

आमच्यासमक्ष सही केली, बाई पूर्ण शुद्धीत आहेत:
१. डॉ. दिपेश ठोसर
२. अंबाजी धाकू मांदाडकर, सख्खा दीर

ठिकाण: काशीद, पडवीत
दिनांक: १० ऑगस्ट २०२५, रविवार