साडेतीन नंबर

प्रिय साडेतीन,

या नावानं आता तुला कुणी हाक मारत नसेल. तू शाळेत असताना तुझ्या बापानं तुझ्या पायाच्या नंबरावरून ठेवलेलं. चेहरे त्याच्या कधी लक्षात राहिले नाहीत, पाय राहिले. मी त्याच्या लेखी ‘आठ, रुंद पंजा’, बँकेचे साहेब ‘सात, डावा जरा मोठा’. आम्ही रस्त्यावर ताडपत्रीखाली शेजारी-शेजारी बसायचो तेव्हापासूनचं हे. पुढे रस्ता उठवून तिथं मॉल बांधला आणि आम्हा जुन्यांना दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर गाळे दिले. त्याचा चपला-बुटांचा, माझा बॅगांचा. पहिल्या दिवशी सरकत्या जिन्यावर आम्ही दोघं म्हातारे एकमेकांचा हात धरून चढलो, तू खाली उभी राहून पोट धरून हसत होतीस.

तो जिना आता बंद आहे. पलीकडे याच्या चौपट मॉल झाला आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. आमच्या मजल्यावर उरलो मी, एक चष्मेवाला आणि मसाजची खुर्ची, जिच्यात पहारेकरी झोपतो. माश्या मारतोय म्हणावं, तर माश्याही पलीकडच्या मॉलमध्ये गेल्यात. रिकाम्या गाळ्यांवर मॉलवाले प्लायवूड ठोकतात, त्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र आणि खाली ‘लवकरच येत आहे’. कोण येतंय देव जाणे.

तुझ्या बापाच्या गाळ्यावर ते चित्र लागून वर्ष होत आलं. त्यानं तुला सांगितलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तुझा फोन आला की ‘गिऱ्हाईक आहे, मागाहून बोलतो’ म्हणतो ना? तुझी आई म्हणायची, भावजींना शेजारच्या आमटीत मीठ कमी पडलेलंही ऐकू येतं. तर ते वाक्य मी रोज प्लायवूडमधून ऐकतो. माल आणायच्या मागच्या बोळातून तो सकाळी आत शिरतो. वाटलं, उरलंसुरलं आवरत असेल. मग एकदा ऐकलं, “बसा, वाकू नका. वाकणं आमचं काम.” जरा वेळानं, “चार पावलं चालून बघा.” मी मागून गेलो. आत एक स्टूल, पाय मापायची पट्टी आणि गुडघ्यांवर बसलेला तुझा बाप. स्टुलावर कुणी नव्हतं. तो तुझ्याशी खोटं बोलत नव्हता गं. त्याला गिऱ्हाईक दिसतं.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हे वाढतच जाणार. रात्रीचा डबा मी पोचवतो, आणि सकाळी माझं शटर उघडायच्या आधी स्टुलावर जाऊन बसतो, निदान खरं कुणीतरी असावं म्हणून. तो माझा पाय हातात घ्यायचा, ‘आठ, रुंद पंजा’ म्हणायचा आणि मग ओळख पटून हसायचा. मागच्या आठवड्यात त्यानं पहारेकऱ्याचा पाय धरला आणि सोडेना. पहारेकऱ्यानं ढकललं, तुझ्या बापाच्या कपाळाला खोक पडली. आता हा मजला पाडायचा ठरलाय. महिनाअखेर मागचं दारही कायमचं बंद होईल. मॅनेजरच्या हातापाया पडलो. सभ्य मुलगा आहे, सभ्यपणेच नाही म्हणाला.

तरी तुला कळवलं नसतं, रेटलं असतं मी एकट्यानं. पण परवा त्यानं माझा पाय मांडीवर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि अदबीनं विचारलं, “आपण पहिल्यांदाच आलात का?” मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग म्हणाला, जरा लवकर पसंत करा, आमची साडेतीन शाळेतून येईल आता. पोरी, माझा पाय गेला, तुझा अजून शिल्लक आहे. दार बंद व्हायच्या आत ये. त्या स्टुलावर बस, चप्पल काढ आणि पाय पुढे कर. तुझा नंबर आता पाच तरी असेल. पट्टी लावून तो साडेतीन म्हणालाच, तर पाच आहे म्हणून सांगू नकोस.

वाट बघणारा, तुझाच
बॅगवाला काका