दात तोडलेली कॅसेट

आबा, तुमची कॅसेट सापडली. खरं तर ती हरवलीच नव्हती, पण तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल. तुम्ही वर्गात म्हणायचात, आधी गणित नीट मांडा, मग उत्तराकडे बघा. तर मांडते. पावसाळा संपता संपता पुण्याहून एका मुलीचा फोन आला. ती आणि तिचे दोन-तीन सोबती अंतराळमोहिमांची टीव्हीवर दाखवलेली जुनी चित्रणं शोधत फिरतात. त्या काळी टेपा महाग, म्हणून जगभर एका कार्यक्रमावर दुसरा चढवायचे. मोठमोठ्या देशांनीसुद्धा असल्या मोलाच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या, असं ती सांगत होती. आपला माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला तेव्हा प्रधानमंत्र्यांशी त्याचं झालेलं बोलणं सगळ्यांकडे आहे. पण तो जमिनीवर परत उतरला त्या दिवशी मराठीत जो समजावून सांगणारा कार्यक्रम लागला होता, तो त्यांना कुठेच मिळेना. तुमचा एक जुना विद्यार्थी तिला भेटला आणि म्हणाला, आमच्या गुरुजींनी तो कॅसेटवर घेतला होता, गुरुजी गेले पण त्यांची मुलगी आहे. "काकू, तुमच्याकडे ती असेल का हो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "शोधून बघते." आबा, खोटं बोलायची वेळ आली की माझा आवाज फार गोड होतो, हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही. कॅसेट माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत होती.

तो दिवस मला लख्ख आठवतो. शाळेच्या पडवीत टेबल, टेबलावर टीव्ही, कौलांवर बांबूला बांधलेला अँटेना. आपल्या गावातून खाडीचं तोंड ओलांडलं की समोर मुंबईच, त्यामुळे चित्र स्वच्छ यायचं. वारा सुटला की मात्र पडद्यावर मुंग्या. चाचा कुवेतहून कायमचे परत आले होते आणि येताना व्हीसीआर आणि कॅमेरा घेऊन आले होते. चाचा म्हणजे तुमचे शाळेपासूनचे दोस्त, पलीकडच्या मोहल्ल्यातले. मी त्यांना चाचा म्हणायचे आणि तुम्ही त्यांना शिव्या घालायचात, इतकी तुमची मैत्री. त्यांनी व्हीसीआर सायकलवर, उशीत गुंडाळून आणला. पडवी माणसांनी भरलेली. मिठागरावरून आलेल्या बायका डोक्यावरची घमेली काखेत धरून उभ्या. तुम्ही छडीने पडद्यावरचं यान दाखवताय, ही छत्री उघडली, आता हे खाली येणार, आणि ते टेकलं तेव्हा तुम्ही रडताय. मी तुम्हाला रडताना दोनदाच पाहिलं, त्यातलं हे पहिलं.

कार्यक्रम संपल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा दात दाखवलात. स्क्रूड्रायव्हरने तो कटकन तोडलात. "आता यावर कोणाला दुसरं काही चढवता येणार नाही. कायमचं झालं." चाचा व्हीसीआरच्या वायरी गुंडाळत म्हणाले, "त्या भोकावर चिकटपट्टी लाव गुरुजी, चढतंय परत." तुम्ही हसलात. "असला नालायकपणा करेल कोण?" मग खोक्यावर वळणदार अक्षरात लेबल लिहून, कॅसेट अगदी सुरुवातीला फिरवून तुम्ही ती कपाटात ठेवलीत. कपाटाची चावी मात्र माझ्याकडे दिलीत, कारण तुम्ही चाव्या हरवायचात. घरात भरवशाचं माणूस मी एकटीच, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात.

पुढच्या वर्षी माझी हळद. आपल्यात हळदीला धवले गाणारी बाई भटाच्या वरचढ, हे मी तुम्हाला काय सांगणार. तिने गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. पंचक्रोशीत ते काम आईचं. एकही धवला कागदावर नाही, सगळे तिच्या डोक्यात. माझ्या हळदीला दुसरी बाई बोलवा असं आत्या म्हणाली, तर आई उसळली. "माज्या पोरीची हलद, आनि गाईल दुसरी? व्हय गो?" आणि आईचा दंडक तुम्हाला ठाऊक आहे, धवला एकदा सुरू झाला की मधे थांबत नाही. पाऊस येवो, वीज जावो, कोणी चक्कर येऊन पडो. तर चाचा कॅमेरा खांद्यावर घेऊन चित्रण करत होते. पाहुणे, मांडव, पंगत, नाचणारी पोरं, सगळं घेत बसले आणि आई गायला बसली तेव्हा कॅसेट संपली. चाचा घाबरे झाले. "दुसरी मोहल्ल्यात ऱ्हायली. आनून होईस्तवर हिचा सपंल." तुम्ही मागे परड्यात भाताच्या टोपांपाशी होतात.

मी उठले. हळदीने भरलेल्या हातांनी कपाट उघडलं. त्या भोकावर चिकटपट्टी लावली. हो, मला सगळं समजत होतं, आबा. मला कळलं नाही, गडबडीत झालं, असं मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं. पण चिकटपट्टी गडबडीत लागत नाही, ती दातांनी तोडावी लागते. आईच्या छातीत वर्षभर दुखत होतं आणि ते तिने फक्त मला सांगितलं होतं. लग्नाच्या आधी बोललीस तर माझी शपथ, म्हणून मला बांधून ठेवलं होतं. तिचा आवाज हवाच होता मला. चाचांनी कॅसेट हातात घेतली, उलटी करून बघितली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कोरी आहे." त्यांनी ती मशीनमध्ये घातली. पुढे फिरवून घ्यायला हवी होती, तुमच्या कार्यक्रमानंतर भरपूर जागा होती, इतकी साधी गोष्ट. पण आई सुरू झाली होती आणि आई थांबत नसते.

पंधरा-वीस दिवसांत आई गेली. तेव्हा मी तुम्हाला दुसऱ्यांदा रडताना पाहिलं. त्या गोंधळात मी कॅसेट माझ्या सासरच्या सामानात घातली आणि तुमच्या लेबलाच्या खोक्यात एक कोरी सरकवून ठेवली. तुम्ही कपाट उघडत नव्हतात, तुम्हाला कशातच रस उरला नव्हता. वर्षभराने तुम्ही सावरलात ते त्या कॅसेटच्या जोरावर. शाळेत विज्ञानाचा दिवस करायचा, पोरांना ते यान उतरताना दाखवायचं, असं ठरवलंत. मलाही माहेरी बोलावलंत. पोरं मांडी घालून बसली आहेत, बाहेरगावचे साहेब खुर्चीवर, चाचांनी व्हीसीआर जोडला आहे, आणि पडद्यावर मुंग्या. तुम्ही अँटेनाला दोष दिलात. मग वायरला. मग कॅसेट बाहेर काढलीत, तिचा दात शाबूत आहे हे बघितलंत आणि चाचांकडे वळलात.

"माझी कॅसेट कुठंय? कुठला सिनेमा चढवलास तिच्यावर? चोर आहेस तू!"

शंभर पोरांसमोर. मी शेवटच्या बाकाजवळ उभी होते, पोटात थोरला होता. चाचांनी माझ्याकडे बघितलं, एकदाच. मग वाकून वायर काढली, मशीन उशीत गुंडाळलं आणि गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण तुम्हीच मला फळ्यावर लिहून शिकवली होती. त्या रात्री जेवताना तुम्ही मला विचारलंत, "तुला काही माहीत आहे का गं?" मी ताटात भात वाढत होते. म्हटलं, "मला काय माहीत, आबा?" तेवढंच. त्यानंतर तुम्ही चाचांच्या दारावरून गेला नाहीत, ईदचा डबा परत पाठवलात आणि जन्मभर, भेटेल त्याला, त्या हरवलेल्या कॅसेटची गोष्ट सांगत राहिलात. शोधतही राहिलात. मोहल्ल्यातल्या पोरांकडे चौकशी करायचात, भंगारवाल्याची गाडी आली की कॅसेटींचं पोतं उपसायचात. मी तुमच्याबरोबर उपसलं आहे ते पोतं.

यात सगळ्यात वाईट काय, ते मला फार उशिरा उमगलं. तुम्ही एकदा ओटीवर बसून म्हणालात, "तिचा एक फोटो आहे, पण आवाज नाही गं कुठे. माणसाचा आवाज किती लवकर जातो." आणि तो आवाज माझ्या ट्रंकेत होता. तुम्ही दात तोडलेल्या त्याच कॅसेटवर. तो तुम्हाला ऐकवायचा तर कॅसेट दाखवावी लागली असती आणि कॅसेट दाखवली असती तर चोर दिसला असता. दर वर्षी आईच्या तिथीला घरातले बाहेर गेले की एकटी लावून ऐकायचे, तोंड पदरात कोंबून. एका तिथीला आमच्या जुन्या व्हीसीआरने ती खाल्ली. फीत ओढून काढली तर चुरगळून, तुटून हातात आली. तेव्हा तुम्ही हयात होतात, अजून वर्षभर तरी.

त्या मुलीचा फोन आल्यावर मी आधी चाचांकडे गेले. ते आता बोर्ली पंचतनला लेकीकडे असतात. आगरदांड्याहून जंगलजेट्टीच्या बोटीने खाडी ओलांडून दिघीला उतरले, पुढे रिक्षा. फार म्हातारे झालेत, डोळ्यांनी दिसत नाही. मी नाव सांगायच्या आधीच आवाजावरून ओळखलं. मी पाया पडून सगळं बोलले, बसस्टॉपवर पाठ केल्यासारखं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "मना म्हाईत हाय, पोरी. चिकटपट्टी मी बगली ना. तुज्या बोटाची हलद व्हती तिच्यावर."

"मग बोलला का नाहीत चाचा?"

"नव्या नवरीचा नाव सांगू? तुजी आय जाऊन तवा वरीसच झालेला." त्यांनी हातातल्या तसबीचे, जपमाळेचे, दोन मणी पुढे सरकवले. "आनि तुजा बाप. चार लोकांत चोर म्हनला. एकदा घरी येऊन इचारला असता तर सांगला असता मी. तो आला न्हाय." मग अगदी सहज, चहा झाला का विचारावं तसं, "त्याच्या मयताला मी आलो व्हतो. आत न्हाय आलो, रस्त्यावरच हुबा व्हतो." मला वाटलं होतं ते मला शिव्या देतील, निदान माफ तरी करतील. दोन्हीतलं काहीच केलं नाही. लेकीला सांगून मला पापलेट बांधून दिलं.

मग मी कॅसेट पुण्याला दिली. तुमच्या कार्यक्रमावर दुसरं काहीतरी चढलंय एवढं खरं सांगूनच दिली, चिकटपट्टीसकट. ती मुलगी बिचारी पट्टीवरचा पिवळा डाग बघून म्हणाली, बुरशी असेल. तीन आठवड्यांनी तिने मोबाईलवर एक तुकडा पाठवला. आईच्या धवल्यापेक्षा तुमचा कार्यक्रम थोडा लांब होता, त्याचं शेपूट वाचलंय. दीड मिनिट. मी ते कधी लावलंच नव्हतं, आई थांबली की मी मशीन बंद करायचे, म्हणून ती फीत नवीकोरी राहिली. पुठ्ठ्याचं यान हातात धरून निवेदक सांगतोय की सगळे सुखरूप उतरले. त्याच्यापाठी, आबा, मला वेड लागलंय, पण मला तुमच्या छडीचा टकटक आवाज ऐकू आला. तो त्यात असू शकत नाही हे मला कळतं. मुलगी फोनवर आनंदाने रडत होती. "सुरुवातीला कुठल्या तरी लग्नाचं होतं काकू, ते पार गेलं. नुसती खरखर. पण महत्त्वाचं ते वाचलं!" मी म्हटलं, अभिनंदन. तिचा काय दोष? तिला तेच शोधायचं होतं, आणि तुम्हालाही तेच.

हे पत्र तुमच्या कपाटातून आणलेल्या कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात घडी घालून ठेवणार आहे, तुमच्या लेबलाखाली. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तर मी लिहिलं नसतं, इतकी मी अजून भित्री आहे. फक्त एक राहिलं. तुम्ही अंथरुणाला खिळला होतात, शेवटच्या आठवड्यातली दुपार. मी तुमचे पाय चेपत होते. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "तुझी आई हळदीला काय गायची गं? दोन ओळी तरी म्हण." मी म्हटलं, "मला कुठे येतंय, आबा." तुम्ही मान हलवलीत, खरंच आहे, तिने कोणाला शिकवलंच नाही. पण इतकी वर्षं एकटीने ऐकून तो धवला मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ झाला होता, तिच्या खोकल्यासकट, ती जिथे श्वास घ्यायची त्या जागांसकट. तुम्ही विचाराल, कुठून शिकलीस, म्हणून मी नाही म्हटलं. आबा, मला तो सगळा येत होता.